डाव्या शेडच्या दोन बादल्या

थोरल्याने तोंडाकडे नेलेला घास पुन्हा ताटात ठेवला.

"कोंबड्यांना मसाला?"

"मसाला म्हणजे हळद, लसूण, मिरी, दालचिनी," धाकटा म्हणाला. "वाळवायचं, दळायचं आणि खाद्यात मिसळायचं. भूक वाढते, पचन सुधारतं, आजार कमी होतात, वजन भरतं. कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात हेच तर शिकवलं."

"कोंबडीला मसाला लावतात हे मला प्रशिक्षणाशिवाय माहीत आहे. पण लोक आधी तिला कापतात. तू जरा घाई करतोयस."

थोरल्याची बायको खुदकन हसली आणि धाकट्याच्या बायकोने तिच्याकडे पाहताच तिने ते हसू खोकल्यात दडवलं. आई हसली नाही. तिने दोन्ही मुलांच्या ताटात भाजी वाढली, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि थोरल्याच्या ताटात आणखी अर्धा डाव घातला.

आईचं हे नेहमीचंच होतं. दोन मुलं झाल्यापासून तिने आयुष्यात एकच तत्त्व पाळलं होतं: एकाला जे, ते दुसऱ्याला. सफरचंद कापताना ती फूटपट्टी घेत असे. थोरल्याला गालगुंड झाले तेव्हा तिने धाकट्याच्याही गळ्याला मफलर गुंडाळला होता आणि थोरला बरा होईपर्यंत तो काढू दिला नव्हता. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, धाकट्याला टक्कल पडायला लागलं. त्या एका बाबतीत मात्र आईला काही करता आलं नाही, आणि ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

घरामागच्या दोन लांबट शेड हा दोघा भावांचा सामाईक धंदा होता. ब्रॉयलरची पिल्लं आणायची, सहाएक आठवडे वाढवायची, व्यापाऱ्याचा ट्रक आला की माल द्यायचा, शेड धुऊन काढायच्या आणि पुन्हा पिल्लं आणायची. सकाळी लवकर उठून दोघे कामाला लागत, म्हणून दुपारी जेवण झालं की दोघेही आडवे होत. तेवढ्या वेळात शेडवर नजर ठेवायला आई असे. पुढे जे काही घडलं ते या दुपारच्या झोपेमुळे घडलं.

वाद आठवडाभर चालला. शेवटी कोंबड्यांचे डॉक्टर नेहमीच्या फेरीला आले तेव्हा भावांनी त्यांना पंच नेमलं. ओट्यावर खुर्च्या टाकल्या गेल्या. ठरलं असं की नव्या बॅचची पिल्लं दोन्ही शेडमध्ये निम्मी निम्मी सोडायची. डावी शेड धाकट्याची, तिला मसाला. उजवी थोरल्याची, तिला नुसतं खाद्य. बाकी पाणी, पडदे, दिवे सगळं तेच. दर आठवड्याला डॉक्टर वजन करतील. माल उचलायच्या दिवशी निकाल.

"आणि तुझी शेड भारी भरली नाही तर?" थोरल्याने विचारलं.

"तर मी चाललो टायरच्या दुकानात," धाकटा म्हणाला. "इथे जन्मभर 'बरं दादा' म्हणत राहण्यापेक्षा ते बरं."

टायरचं दुकान धाकट्याच्या सासऱ्यांचं होतं, दूर दुसऱ्या गावी. सासऱ्यांना मुलगा नव्हता, गुडघे होते आणि ते दुखत होते. दर फोनच्या शेवटी ते "मग काय ठरलं, जावईबापू?" असं विचारत आणि जावईबापू आजवर "बघू" म्हणत आले होते. आज पहिल्यांदाच त्यांनी बघितलं होतं.

"आणि भरली तर?"

"तर दोन्ही शेडमध्ये खाद्य माझ्या म्हणण्यानं. तू त्यावर एक शब्द बोलायचा नाही."

"एक शब्द?"

"'हं' सुद्धा नाही."

"मंजूर," थोरला म्हणाला.

आईला यातलं काहीच मंजूर नव्हतं. धाकटा हरला तर घर सोडून जाणार होता, आणि तो बोलला की करणारा होता. थोरला हरला तर कुठेही जाणार नव्हता, पण ते जास्त वाईट होतं. लहानपणी कॅरमच्या एका सोंगटीवरून झालेल्या भांडणानंतर तो अख्खा हिवाळा धाकट्याशी बोलला नव्हता. "त्याला सांग मीठ दे," असं सगळं आईमार्फत चालायचं, आणि मीठ धाकट्याच्या हाताशीच असायचं. इथे तर पणाला सोंगटी नव्हती, एक अख्खी शेड होती.

विचार करत ती चहाची दुसरी फेरी आणायला आत गेली. बाहेर डॉक्टर आणखी कसली तरी अट समजावून सांगत होते. ती आईने ऐकली नाही, कारण त्या वेळी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन कप शेजारी ठेवून, वाकून, डोळे बारीक करून दोन्हीतला चहा एका पातळीला आहे ना हे पाहत होती. आणि तो एका पातळीला आल्याबरोबर तिला उपाय सुचला.

बरोबरी! बरोबरी झाली की कोणी हरत नाही.

पिल्लं आली, पिवळ्या कापसाच्या बोळ्यांसारखी. पहिला आठवडा आईने काहीच केलं नाही. धाकटा पहाटे उठून मसाला दळी. घरातल्या मिक्सरचं भांडं त्याने शेडसाठी घेतलं, त्यामुळे थोरल्या सुनेला चटणीला दालचिनीचा वास यायला लागला. ताडपत्री अंथरून तो फावड्याने खाद्य आणि मसाला उलथापालथा करी आणि भांड्याभांड्यांतून भरून टाकी. पलीकडे थोरला आपलं साधं खाद्य टाकी आणि मोठ्याने म्हणे, "खा रे बाळांनो. आपल्याकडे जेवण जेवणासारखं असतं."

आठवड्याच्या वजनात डावी शेड थोडी पुढे निघाली.

धाकट्याने डॉक्टरांना मिठीच मारली. थोरला रात्री एका पोळीवर उठला. आईने त्याच्या मागे जाऊन पाहिलं, तर तो अंधारात उजव्या शेडच्या जाळीला नाक लावून उभा होता आणि पिल्लांना सांगत होता, "काही हरकत नाही. होतं असं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरातून दोन सुरांत घोरणं ऐकू यायला लागल्यावर, आईने बादल्या घेतल्या. डाव्या शेडच्या भांड्यांतलं दोन बादल्या खाद्य उजव्या शेडमध्ये नेलं. उजवीकडचं दोन बादल्या खाद्य डावीकडे आणलं. हाताने सारखं केलं. तिच्या दृष्टीने यात काही गैर नव्हतं. ती काही चोरत नव्हती, काही वाढवत नव्हती. घरातलं घरात फिरत होतं. शिवाय पलीकडच्या पिल्लांना मसाल्याचा वास येत असणार आणि आपल्याला का नाही असं वाटत असणार, हेही होतंच.

पुढच्या वजनात उजवी शेड बरोबरीला आली. नुसती आली नाही, केसभर पुढे गेली.

आता थोरल्याची छाती फुगली आणि धाकट्याची झोप उडाली. धाकट्याने काय करावं? जे कोणताही विचारी माणूस करील तेच त्याने केलं. मसाला वाढवला. हळद दुप्पट, लसूण दुप्पट. त्यातला निम्मा रोज दुपारी बादल्यांतून उजवीकडे जाई. म्हणजे धाकटा आपल्या पिल्लांसाठी जेवढी मेहनत करी, तेवढी भावाची पिल्लं वाढत. आई मात्र डोळ्यांत तेल घालून काटा सांभाळत होती. उजवी पुढे गेली की ती एक बादली कमी नेई, डावी सरसावली की एक जास्त.

थोरल्याला आपल्या यशाचं कारण सापडायला वेळ लागला नाही. पाणी घालताना तो शिट्टी वाजवत असे.

"प्राण्याला आनंद लागतो," त्याने वायरमनला सांगितलं. वायरमन पंखा दुरुस्त करायला आला होता आणि शिडीवर असल्यामुळे त्याला निघून जाता येत नव्हतं. "आनंदात खाल्लेलं अंगी लागतं. अशी बॅच मी आजवर पाहिली नाही. बिनामसाल्याची, बरं का!"

हेच त्याने व्यापाऱ्याला फोनवर सांगितलं. हेच डॉक्टरांना सांगितलं. एकदा धाकट्याच्या सासऱ्यांचा फोन आला तर मध्येच फोन हिसकावून घेऊन त्यांनाही सांगितलं. "इतक्या वर्षांत अशी भरलेली पिल्लं हाताला लागली नाहीत, काका. नुसतं साधं खाद्य!"

"मग आमचे जावई मोकळे होणार म्हणायचे," सासरे आनंदाने म्हणाले.

त्यावर मात्र थोरल्याने फोन धाकट्याच्या हातात दिला आणि पुढचा अर्धा दिवस तो शिट्टी न वाजवता हिंडला.

मग पिल्लांचे पाय पिवळे झाले. हळदीने ते होणारच होते. डावीकडचे झाले तेव्हा धाकट्याने सगळ्यांना बोलावून दाखवले. उजवीकडचे झाले तेव्हा थोरल्याने सगळ्यांना बोलावून दाखवले.

"उन्हामुळे," थोरला म्हणाला. "मी सकाळी पूर्वेचा पडदा वर करतो. कोवळं ऊन."

धाकट्याने मान उडवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पाहिलं, तर डाव्या शेडचाही पूर्वेचा पडदा वर होता आणि आतून शिट्टी ऐकू येत होती. बेसूर, चाचपडत, पण तीच धून.

प्रकरण बिघडलं ते लसणामुळे.

"तुमच्या शर्टाला लसणाचा वास येतोय," थोरल्या सुनेने नवऱ्याला सांगितलं.

"त्याच्या शेडवरून वारा येतो."

"वारा बनियनच्या आत शिरतो का?"

थोरल्याने शर्ट हुंगला. मग शेडमध्ये जाऊन खाद्य हुंगलं. एक कोंबडी उचलून तीही हुंगली. कोंबडीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्याला आवडली नाही. तो तडक धाकट्याकडे गेला.

"माझ्या शेडमध्ये तुझा मसाला कसा आला?"

"माझा मसाला तुझ्या शेडमध्ये?" धाकट्याचे डोळे विस्फारले. "अच्छा! म्हणजे रोज दळलेलं कुठे जातं ते आता कळलं. तरीच माझी मागे पडतायत. दादा, चोरी करायची होती तर पैज कशाला लावलीस?"

"चोर कोणाला म्हणतोस? मला हरवायला तूच आणून टाकत असशील. माझ्या पोरांची पोटं बिघडावीत म्हणून!"

"मसाल्याने पोट सुधारतं हे किती वेळा सांगू?"

"मग सुधारायला टाकत असशील!" थोरला ओरडला, आणि आपण काय बोललो हे लक्षात आल्यावर आणखी चिडला.

त्या दुपारपासून दोघांनी झोप सोडली. थोरला उजव्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला. धाकटा डाव्या शेडच्या दारात. मध्ये दहा पावलांचं अंतर आणि दोघांची नजर एकमेकांवर. बादल्यांची वाट बंद झाली. डावीकडे मसाला दुप्पट, उजवीकडे काहीच नाही. असं चार दिवस चाललं असतं तर आईची सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

आई स्वयंपाकघरात गेली. तिने दोघांच्या आवडीचं जे जे येत होतं ते सगळं केलं, आणि आग्रह करकरून वाढलं. दोघांना सारखं. वर ताकाचे मोठे पेले दिले. त्यानंतर दोघे पहाऱ्याला जाऊन बसले आणि थोड्याच वेळात दोघांच्याही हनुवट्या छातीला टेकल्या. आई अनवाणी निघाली. थोरल्याच्या खुर्चीला वळसा घालून, बादली पोटाशी धरून ती उजव्या शेडमधून बाहेर पडली आणि समोर धाकटी सून उभी.

"आई, या बादल्या..."

"हळू बोल!"

आईने तिला पाण्याच्या टाकीमागे ओढलं आणि सगळं सांगितलं. आता ही नवऱ्याला जागं करणार, अशी तिला भीती होती. सुनेने टाकीआडून झोपलेल्या नवऱ्याकडे एकदा डोकावून पाहिलं.

"आई, बाबांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचं असतं, माहितीये? खाली दिवसभर हवा भरतात. जेवताना, झोपताना, सारखं फुस्स फुस्स. मी लग्नाला हो म्हणाले ते निम्मं त्यातून सुटायला." तिने एक बादली उचलली. "ही कुठली? डावीकडची की उजवीकडची?"

दोघी असल्यामुळे काम पटकन होऊ लागलं. माल उचलायच्या दिवसापर्यंत दोघा पहारेकऱ्यांची वजनंही चांगली भरली होती, पण ती कोणी केली नाहीत.

निकालाच्या दिवशी डॉक्टर काटा घेऊन आले. दोन्ही शेडमधून हाताला येतील त्या कोंबड्या धरून टोपलीत घातल्या, काट्याला लावल्या, पुन्हा धरल्या, पुन्हा लावल्या. भाऊ काट्याच्या दोन बाजूंना श्वास रोखून उभे होते. डॉक्टरांनी बेरजा केल्या, भागाकार केले, चष्मा पुसला आणि पुन्हा केले.

"कमाल आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडचं सरासरी वजन एकच. फरक इतका कमी की धरायलाच नको."

आईने धाकट्या सुनेचा हात घट्ट दाबला. झालं! फूटपट्टी लावून कापलेलं सफरचंदही इतकं बरोबर निघालं नव्हतं.

"म्हणजे निकाल स्पष्ट आहे," डॉक्टर पुढे म्हणाले. "मसाल्याने काहीही फरक पडत नाही. सुरुवातीलाच ठरलं होतं, बरोबरी झाली तर मसाला हरला. धाकटेराव, वाईट वाटून घेऊ नका."

आईचा हात सैल पडला. "हे कधी ठरलं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही चहा आणायला गेला होतात."

धाकट्याने खिशातून फोन काढला आणि सासऱ्यांचा नंबर शोधायला लागला. थोरला जिंकला होता. पण जिंकलेला माणूस कसा दिसतो हे त्याच्याकडे पाहून कोणाला कळलं नसतं. तो काट्याला टोपली अडकवायच्या आकड्याशी उगाच खटपट करत होता. "लगेच कशाला फोन?" तो म्हणाला. "रात्री कर. रात्री त्यांना वेळ असतो."

"तो फोन ठेव," आई म्हणाली. "मी केलं सगळं."

आणि तिने सांगितलं. बादल्या, दुपारची झोप, ताकाचे पेले. जसजसं ती सांगत गेली तसतसे दोन्ही मुलांचे चेहरे लाल होत गेले. दोघेही एकदम ओरडले.

"आई!"

लालीही दोघांची सारखीच होती, हे एवढ्या गडबडीतही आईच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं.

"अगं, हा प्रयोग होता!" धाकटा म्हणाला. "एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हाच तर प्रयोग!"

"असला प्रयोग माझ्या घरात होत नाही," आई म्हणाली.

डॉक्टरांनी आपला कागद घडी करून खिशात घातला. "मग याला काही अर्थ राहिला नाही. दोन्ही शेडनी तेच खाल्लं. यावरून मसाला चांगला की वाईट, काहीच सांगता येणार नाही."

"का नाही?" धाकटी सून म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "दादा, तुम्ही महिनाभर सगळ्यांना काय सांगत होतात?"

"मी? काय सांगत होतो?"

"अशी बॅच आजवर पाहिली नाही म्हणून."

"मलाही सांगितलंत," डॉक्टर म्हणाले.

"वायरमनला शिडीवर सांगितलंत," थोरली सून म्हणाली.

"माझ्या सासऱ्यांना सांगितलंस," धाकट्याने फोन खिशात टाकला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं. "इतक्या वर्षांत अशी भरलेली पिल्लं हाताला लागली नाहीत म्हणालास. आणि ती काय खात होती, दादा?"

"ते... ते उन्हामुळे," थोरला म्हणाला. "कोवळं ऊन."

"ऊन मागच्या बॅचलाही होतं."

"शिट्टी..."

"शिट्टी तू शाळेत होतास तेव्हापासून वाजवतोस."

थोरल्याने तोंड उघडलं. धाकट्याने बोट वर केलं. थोरल्याने तोंड मिटलं. मग एका कोंबडीला टोपलीतून उचलून, तिचे पिवळेधमक पाय चाचपून त्याने खाली सोडलं.

"बरं, हरलो," तो म्हणाला. "नाहीतरी टायरच्या दुकानात तुझं काय झालं असतं? टायरला लसूण चोळून बसला असतास."

"'हं' सुद्धा नाही असं ठरलंय, दादा."

"हे खाद्याबद्दल नव्हतं. हे टायरबद्दल होतं."

डॉक्टरांना मात्र चैन पडेना. ते शिस्तीचे गृहस्थ होते आणि वायरमनला शिडीवर सांगितलेल्या गोष्टीला पुरावा म्हणणं त्यांना जड जात होतं. "पुढच्या बॅचला हे नीट करू," ते म्हणाले. "मधे जाळ्या लावून तीन भाग करायचे. पहिल्याला पूर्ण मसाला. दुसऱ्याला निम्मा. तिसऱ्याला काहीच नाही."

"तिसऱ्याला काहीच नाही?" आईने विचारलं.

"काहीच नाही. तुलनेसाठी."

"चिमूटभर सुद्धा नाही?"

"अजिबात नाही."

आईची नजर कोपऱ्यात उपड्या ठेवलेल्या बादल्यांकडे गेली. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्यात एकमत झालं.

"डॉक्टर," थोरला म्हणाला, "तो तिसरा भाग तुम्ही तुमच्या घरी ठेवा."

"आणि आईला पत्ता देऊ नका," धाकटा म्हणाला.